एक नळी आणि विद्यापीठातले सगळे विभाग

"मामा, अणुऊर्जेत काम करायचं तर कोणती ब्रँच घ्यायची?" गेल्या रविवारी सकाळी पोहे खाता खाता भाचीनं विचारलं. बारावी झाली आहे, काउन्सिलिंग तोंडावर आलं आहे, घरभर माहितीपत्रकं पसरली आहेत. मी म्हटलं, "कोणतीही घे." तिला वाटलं मामानं टाळलं. ताई तर चिडलीच. "पोरीनं साधा प्रश्न विचारला, तर सरळ उत्तर दे ना!"

मी टाळलं नव्हतं. पंचवीस वर्षं इंदुरात पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतोय, आणि या प्रश्नाचं माझ्याकडचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तेच आहे. फक्त ते पटवून द्यायला एक सकाळ पुरली नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आपल्या गावातला एक गैरसमज दूर करू. राजेंद्र नगरातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला "कॅट" म्हटलं की पुरतं. सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी हे त्या संस्थेचं जुनं नाव. १९ फेब्रुवारी १९८४ला राष्ट्रपती ज्ञानी झैलसिंग यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. २००५मध्ये तिला भौतिकशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांचं नाव मिळालं, ती राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झाली. पण रस्ता कॅट रोडच राहिला आणि लोकांच्या तोंडीही कॅटच. संस्था अणुऊर्जा विभागाची आहे, म्हणून आमच्या भागातल्या कितीतरी जणांची पक्की समजूत आहे की सुखनिवासच्या त्या झाडीमागे अणुभट्टी आहे. शेजारच्या काकू अजून विचारतात, "गळती झाली तर आपल्याला भोंगा ऐकू येईल ना?" काकू, तिथे अणुभट्टी नाही. तिथे लेसर आणि त्वरक यांच्यावर काम चालतं. त्वरक म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र.

मग लेसरवाल्यांचा अणुविजेशी काय संबंध? तो संबंध जोडणारी एक नळी आहे. ती नीट समजली की माझं "कोणतीही" हे उत्तरही समजेल.

पिंपातली नळी

भारतातल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात. आडवं ठेवलेलं एक अवाढव्य पिंप डोळ्यांसमोर आणा. त्याला कॅलेंड्रिया म्हणतात. त्यात जड पाणी भरलेलं असतं, म्हणजे ज्यातल्या हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्यूटेरियम आहे असं पाणी. पिंपाच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आडव्या नळ्या आरपार गेलेल्या. २२० मेगावॉटच्या भट्टीत अशा ३०६ नळ्या असतात. प्रत्येकीत युरेनियमच्या कांड्यांच्या जुड्या एकामागोमाग एक ठेवलेल्या. युरेनियमचा अणू फुटतो, उष्णता निघते, दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. पिंपातल्या जड पाण्यात त्यांचा वेग मंदावतो आणि ते पुढचा अणू फोडायला मोकळे होतात. नळीतून जे जड पाणी वाहतं ते वेगळं. ते उष्णता उचलून बाहेर नेतं, तिच्यावर साध्या पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं.

आता त्या एका नळीवर काय काय गुदरतं ते बघा. कुकरची शिटी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोनं जास्त असतो. या नळीत तो ऐंशी किलोंच्याही वर. पाण्याचं तापमान २९० अंशांच्या आसपास पोचतं, आणि एवढ्या दाबामुळेच ते उकळत नाही. हे सगळं पेलणारी नळीची भिंत किती जाड असावी? साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. दोन नाणी एकावर एक ठेवली की जेवढी होतात, साधारण तेवढी. आणि हे सगळं वर्षानुवर्षं, रात्रंदिवस, न्यूट्रॉनच्या माऱ्यात.

जाड पोलादाची नळी का नाही करत? हा प्रश्न मी दर वर्षी वर्गात विचारतो आणि मेकॅनिकलला जायची इच्छा असलेली मुलं हमखास "पोलाद"च म्हणतात. त्यांच्या विषयापुरतं ते बरोबरही आहे. पण इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. नैसर्गिक युरेनियममध्ये सहज फुटणारा युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतो. त्यामुळे एकेक न्यूट्रॉन मोलाचा. पोलाद न्यूट्रॉन गिळतं. नळ्या पोलादाच्या केल्या तर या इंधनावर भट्टी पेटणारच नाही. न्यूट्रॉनला जवळजवळ बिनबोभाट जाऊ देणारा, तरीही उष्णतेला आणि पाण्याला टिकणारा धातू म्हणजे झिर्कोनियम.

झालं, भौतिकशास्त्रानं धातू निवडला. पण तो आणायचा कुठून? केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत झिरकॉन नावाचं खनिज मिळतं. त्यात झिर्कोनियमबरोबर थोडं हॅफ्नियम असतंच असतं. ही दोन मूलद्रव्यं रासायनिक गुणांत जुळ्या भावांसारखी. पण न्यूट्रॉनच्या बाबतीत दोन टोकं: हॅफ्नियम झिर्कोनियमच्या शेकडो पट न्यूट्रॉन खातं. म्हणजे वाळूतून काढलेला धातू कितीही चकचकीत असला तरी त्यातलं हॅफ्नियम वेचून काढल्याशिवाय भट्टीच्या उपयोगाचा नाही. हे काम रसायनशास्त्राचं. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये ते होतं.

शुद्ध झिर्कोनियम मऊ. त्याला ताकद यावी म्हणून दुसरे धातू मिसळतात, आणि इथून मेटलर्जीवाल्यांचं, म्हणजे धातुशास्त्रवाल्यांचं, राज्य सुरू होतं. सुरुवातीच्या नळ्या झिर्कॅलॉय-२ या मिश्रधातूच्या होत्या. हल्लीच्या नळ्यांत अडीच टक्के नायोबियम हा धातू असतो. का बदललं, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

गरम नळी थेट पिंपातल्या थंड पाण्यात ठेवली तर उष्णता वाया जाईल. म्हणून तिच्याभोवती दुसरी पातळ नळी असते, दोहोंच्या मध्ये पोकळी, थर्मासासारखी. पोकळीत वायू खेळवतात आणि दोन नळ्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर स्प्रिंगच्या कड्या बसवतात. त्यांना गार्टर स्प्रिंग म्हणतात. न्यूट्रॉनच्या माऱ्यानं धातूतला प्रत्येक अणू आपल्या जागेवरून पुन्हा पुन्हा हुसकला जातो. परिणामी नळी वर्षागणिक किंचित लांब होते आणि मधे झोल पडतो, कपडे वाळत घालायच्या दोरीला पडतो तसा. शिवाय गरम पाण्याशी धातूची सावकाश क्रिया होत राहते आणि पाण्यातला थोडा ड्यूटेरियम धातूत मुरत जातो.

कॅनडातल्या पिकरिंगच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीत या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या. कड्या जागेवरून सरकल्या होत्या. झोल पडलेली गरम नळी बाहेरच्या थंड नळीला टेकली. टेकली तिथे थंड ठिपका तयार झाला. धातूत मुरलेल्या हायड्रोजनची (ड्यूटेरियम हाही हायड्रोजनच) खोड अशी की तो गरम भागाकडून थंड भागाकडे सरकतो. तो त्या ठिपक्यापाशी गोळा झाला, तिथे ठिसूळ फोड धरला आणि ऑगस्ट १९८३मध्ये नळी लांबलचक फाटली. कोणी दगावलं नाही, पण जड पाण्याच्या भट्ट्या चालवणाऱ्या प्रत्येक देशाला आपल्या नळ्या तपासाव्या लागल्या. आपल्याकडे राजस्थानातल्या रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीतल्या सगळ्या नळ्या १९९०च्या दशकात काढून नायोबियमवाल्या घातल्या. या धातूत हायड्रोजन बराच कमी मुरतो.

आता मी भाचीला विचारतो: ही चूक कुणाच्या विषयातली? कड्या सरकणं मेकॅनिकलचं. झोल पडणं न्यूट्रॉनमुळे, म्हणजे भौतिकशास्त्राचं. ड्यूटेरियम मुरणं रसायनाचं. थंड ठिपक्याकडे हायड्रोजन सरकणं आणि फोड धरणं मेटलर्जीचं. प्रत्येकानं फक्त आपला तुकडा पाहिला असता तर प्रत्येकाचं गणित बरोबरच निघालं असतं. नळी फुटली ती दोन विषयांच्या सांध्यावर. अणुऊर्जेच्या शिक्षणात "आंतरविद्याशाखीय" हा जडजंबाळ शब्द सारखा येतो, त्याचा अर्थ माझ्या लेखी एवढाच: सांध्यावर नजर ठेवायला शिकणं.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. ११ मार्च २०१६ला गुजरातेत सुरतजवळच्या काकरापारच्या पहिल्या भट्टीत नळी फुटून जड पाणी गळलं. नळी नवी, नायोबियमवाली. आतल्या बाजूनं नव्हे, बाहेरच्या बाजूनं गंजलेली. बाहेर काय होतं? पोकळीतला कार्बन डायऑक्साइड, ज्याच्याकडे साधा उष्णतारोधक वायू म्हणून बघितलं जात होतं. हायड्रोजनचा धोका ओळखून सगळ्यांनी आतली बाजू डोळ्यांत तेल घालून जपली होती. दुखणं दुसऱ्याच दारातून आत आलं. नळ्या बदलून ही भट्टी पुन्हा वीज द्यायला लागली ती २०१९मध्ये. ही घटना मी मुलांना सांगतो तेव्हा वर्ग अगदी शांत होतो, कारण त्यांना कळतं की यात कोणी कामचुकार नव्हता.

कॅट रोडवरून काकरापारला

नळ्या बदलायच्या म्हणजे किती उपद्व्याप! प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना लवचिक जोड असतो, तो कापल्याशिवाय जुनी नळी सुटत नाही. ३०६ नळ्या, प्रत्येकीची दोन टोकं. भट्टी बंद असली तरी तो भाग किरणोत्सारी असतो. तिथे करवत घेऊन माणूस उभा करायचा तर त्याच्या अंगावर किरणोत्सर्गाची मात्रा चढत जाते. इथे इंदूरचे लेसरवाले उपयोगी पडले. त्यांनी बनवलेल्या लेसरचा झोत ऑप्टिकल फायबरमधून लांबवर नेता येतो. यंत्र सुरक्षित जागी, झोत नळीच्या टोकाशी, आणि माणसाला तिथे थांबावं लागतं फार थोडा वेळ. उत्तर प्रदेशातल्या नरोरा आणि काकरापारच्या भट्ट्यांमधल्या नळ्या बदलताना हे लेसर वापरले गेले. राजेंद्र नगरच्या बाजारात आपल्या शेजारी उभं राहून मेथीची जुडी निवडणारा माणूस अशा कामात असू शकतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मात्रेचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यासाठी आपल्या देशातली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे मात्रा मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. सर्वसामान्य माणसासाठी कामकाजातून येणारी जादा मात्रा वर्षाला १. निसर्गातून, म्हणजे जमीन, हवा आणि आकाशातून, जगभर सरासरी २.४ मिळतच असते. कामगाराला किती मिळाली हे मोजतो छातीवरचा एक बिल्ला. इंदुरातल्या कुठल्याही मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढणाऱ्याच्या खिशाला तोच लावलेला दिसेल. माझ्या एका विद्यार्थिनीनं मला तो उघडून दाखवला होता. प्लास्टिकच्या खोक्यात एक पट्टी, पट्टीवर नखाएवढ्या तीन पांढऱ्या चकत्या. त्यात कॅल्शियम सल्फेट आणि चिमूटभर डिस्प्रोशियम नावाचं मूलद्रव्य. किरणोत्सर्ग पडला की त्याची ऊर्जा स्फटिकात अडकून राहते. चकती तापवली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, आणि जितका प्रकाश तितकी मात्रा. घनपदार्थांचं भौतिकशास्त्र इतक्या जवळून माणसाच्या छातीशी लागलेलं दुसरं कुठे दिसत नाही. ती मुलगी एमएस्सीनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका करून कर्करोगाच्या इस्पितळात लागली. अणुऊर्जेचं शिक्षण म्हणजे फक्त वीजकेंद्र नव्हे, हे तिच्यामुळे माझ्या वर्गाला कळलं.

विझलेला दिवा

यंत्राच्या बाजूनं एवढं बोललो, तर माणसाच्या बाजूचं एक उदाहरण द्यायलाच हवं. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड या अणुवीजकेंद्रात २८ मार्च १९७९च्या पहाटे दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि उघडीच अडकून पडली. नियंत्रण कक्षात तिच्यासाठी दिवा होता. तो विझलेला होता, म्हणून चालकांनी धरून चाललं की झडप मिटली आहे. खरं तर तो दिवा झडप मिटली की नाही हे सांगतच नव्हता. "मिटण्याचा हुकूम दिला गेला आहे" एवढंच तो सांगत होता. दरम्यान शंभरावर धोक्याचे दिवे आणि घंटा एकाच वेळी सुरू झाल्या होत्या. यंत्रात पाणी जास्त झालंय असं समजून चालकांनी तातडीचं पाणी स्वतःच कमी केलं. भट्टीचा गाभा काही प्रमाणात वितळला.

ती माणसं अडाणी नव्हती, परवानाधारक होती. त्या दिव्याच्या तारा जोडणाऱ्याला इलेक्ट्रिकल येत होतं. पण घाबरलेला, रात्रपाळीतला माणूस विझलेल्या दिव्याचा काय अर्थ लावेल, हा प्रश्न विचारणारं तिथे कोणी नव्हतं. तो प्रश्न मानसशास्त्राचा आहे. चौकशीनंतर चालकांच्या प्रशिक्षणावर आणि कक्षाच्या रचनेवर जगभर नव्यानं विचार झाला, आणि हुबेहूब नियंत्रण कक्षासारख्या सिम्युलेटरवर बिघाडांचा सराव करणं पक्कं झालं. म्हणून कोणी मला विचारलं की मानसशास्त्राच्या पदवीधराला अणुऊर्जेत काय काम, तर मी आधी ही पहाट सांगतो.

आपल्या मध्य प्रदेशातलं उदाहरण आणखी जवळचं. मंडला जिल्ह्यात चुटका इथे ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या उभारायची योजना आहे. पाणी नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या जलाशयातलं. त्या भागातली अनेक गोंड कुटुंबं बरगी धरणासाठी एकदा उठवली गेली आहेत. त्यांना दुसऱ्यांदा उठा म्हणताना त्यांच्या मनात काय येतं, पहिल्या पुनर्वसनात काय राहून गेलं, हे समजून घेणं समाजशास्त्राचं काम. नदीत सोडलेल्या कोमट पाण्याचा माशांवर काय परिणाम होईल हे जीवशास्त्राचं. जड पाण्यात तयार होणारा ट्रिशियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ, ज्याचं अर्धायुष्य १२ वर्षांहून थोडं जास्त आहे, तो पाण्यातून कसा वावरतो हे रसायन आणि जलविज्ञानाचं. ही नर्मदा आहे, आणि जलूदहून चढवून आणलेलं तिचंच पाणी इंदूरच्या नळाला येतं. त्यामुळे मंडल्याचे प्रश्न आपल्यासाठी परके नाहीत. अभ्यासक्रमांत ही बाजू शेवटच्या आठवड्यातल्या एखाद्या व्याख्यानापुरती येते, हे मला अजिबात मान्य नाही. लोकांशी बोलणं हेही शिकावं लागतं, आणि ते झिर्कोनियमइतक्याच गांभीर्यानं शिकवलं पाहिजे. वापरलेल्या इंधनाचा कचरा काचेत ओतून घट्ट करतात, पुढे तो खोल खडकात ठेवायचा विचार आहे. तो खडक हजारो वर्षं पाणी दूर ठेवेल का, हे भूगर्भशास्त्र सांगणार.

भंवरकुव्याहून किती लांब

विद्यापीठातल्या मुलाला हे सगळं शिकायचं म्हटलं तर यंत्रं कुठून आणायची? अणुभट्टी किंवा सिंक्रोट्रॉनसारखा मोठा त्वरक आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांना परवडणार नाही. याच अडचणीवर उपाय म्हणून विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून एक संस्था काढली, जिला आज यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम म्हणतात. तिचं मुख्यालय आपल्याकडे खंडवा रोडला, देवी अहिल्या विद्यापीठाच्या आवारात आहे. इंदुरातल्या भंवरकुव्याच्या कोचिंगच्या पाट्यांखालून रोज हजारो मुलं जातात. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की तिथून जवळच असा दरवाजा आहे, ज्यातून मुंबईच्या ध्रुव अणुभट्टीतले न्यूट्रॉन, कोलकात्याचं सायक्लोट्रॉन हे त्वरकयंत्र आणि इंदूरच्या कॅटमधलं इंडस हे सिंक्रोट्रॉन, तिन्हींकडे जाता येतं? एखाद्या छोट्या गावातल्या महाविद्यालयाच्या प्राध्यापकाकडे चांगला प्रश्न असेल तर तो प्रस्ताव पाठवतो. प्रस्ताव पसंत पडला की त्याच्या विद्यार्थ्याला यंत्रावर वेळ मिळतो.

इंडस-१ १९९९मध्ये सुरू झालं, इंडस-२ २००५मध्ये. इंडस-२ म्हणजे सुमारे १७२ मीटर घेराचं एक कडं, ज्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरत राहतात. भर पावसात उघडी छत्री गरकन फिरवली की कडेनं थेंब सुटतात ना, तसा वळणावर वळणाऱ्या इलेक्ट्रॉनकडून प्रकाश सुटतो. त्यात तीव्र क्ष-किरणही असतात. कड्याच्या कडेनं हे किरण बाहेर काढणाऱ्या वाटा असतात, त्यांना बीमलाइन म्हणतात. एका वाटेवर धातूचा तुकडा, शेजारच्या वाटेवर औषधाचे किंवा प्रथिनाचे स्फटिक. झिर्कोनियमच्या नळीचा काप अशा किरणांत धरला तर हायड्रोजनचे ठिसूळ पापुद्रे धातूत कुठे कसे बसलेत आणि भोवती ताण किती आहे, हे तुकडा न फोडता समजू शकतं. भौतिकशास्त्रज्ञानं बांधलेलं यंत्र, मेटलर्जीवाल्याचा नमुना, आणि आलेल्या आकड्यांच्या डोंगरातून चित्र काढणारा कम्प्यूटरवाला. रात्री दोन वाजता तिघं चहा पीत एकाच पडद्याकडे बघत बसतात. एकमेकांची भाषा शिकायला याहून चांगला वर्ग नाही.

औपचारिक प्रशिक्षणाची वाटही जुनी आहे. मुंबईत अणुऊर्जेचं ट्रेनिंग स्कूल १९५७मध्ये सुरू झालं, आणि ते घडवण्यात पुढाकार होता त्याच राजा रामण्णांचा, ज्यांचं नाव कॅटला आहे. अभियांत्रिकीची पदवी किंवा विज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना तिथे एक वर्ष शिकवतात आणि मग वैज्ञानिक अधिकारी म्हणून घेतात. त्याच्या शाखा आता इतर केंद्रांतही आहेत, इंदुरातसुद्धा. प्रवेशाच्या विषयांची यादीच वाचा: मेकॅनिकल, केमिकल, मेटलर्जी, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कम्प्यूटर, सिव्हिल, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवविज्ञान, भूगर्भशास्त्र. माझ्या "कोणतीही" या उत्तराचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही. आल्यावर प्रत्येकाला आपल्या विषयाबाहेरचंही शिकावं लागतं. मेकॅनिकलवाल्याला भट्टीचं भौतिकशास्त्र, भौतिकशास्त्रवाल्याला धातू आणि किरणोत्सर्गापासूनची सुरक्षा.

बडवानीत जन्मलेले डॉ. अनिल काकोडकर याच वाटेनं गेले. मेकॅनिकलचे पदवीधर. १९६४मध्ये अणुऊर्जेत आले, ध्रुव भट्टीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि पुढे ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. बडवानी इथून बसनं काही तासांवर आहे. आपल्याकडच्या मुलांना हे नाव माहीत असतं, गाव माहीत नसतं.

पुढे संशोधन करायचं तर २००५पासून होमी भाभा राष्ट्रीय संस्था ही अभिमत विद्यापीठ म्हणून पदव्या देते. आयआयटीत एमटेक करताना अणुऊर्जा विभागाची शिष्यवृत्ती मिळण्याचीही सोय आहे. बीएस्सी आणि डिप्लोमावाल्यांसाठी वेतनासह प्रशिक्षण असतं. भट्टी रोज चालवणारे हात बहुतांशी यांचेच, तरी घराघरांतल्या चर्चेत हा रस्ता कोणी सांगत नाही.

कम्प्यूटरच्या मुलांना वाटतं आपला इथे संबंध नाही. त्यांना मी फासे सांगतो. एक न्यूट्रॉन निघाला, तो कुठे आदळेल, गिळला जाईल की उसळेल की अणू फोडेल? नक्की सांगता येत नाही, पण प्रत्येकाची शक्यता माहीत असते. मग कम्प्यूटरमध्ये फासा टाकायचा आणि पडेल तसं पुढे जायचं, सापशिडीसारखं. असे कोट्यवधी न्यूट्रॉन खेळवले की भट्टीत कुठे किती उष्णता होईल ते समजतं. या रीतीला मॉन्टे कार्लो म्हणतात. ती चांगली लिहिणारा माणूस कुठल्याही अणुऊर्जा केंद्राला हवाच असतो. २०४७पर्यंत अणुवीज १०० गिगावॉटवर नेण्याचं उद्दिष्ट सरकारनं जाहीर केलं आहे, आणि आज आपण नऊच्या आसपास आहोत. ते गाठलं जावो न जावो, माणसं तर लागणारच.

एक सल मात्र मनात आहे. मी एमएस्सी करत होतो तेव्हा मला धातूंबद्दल शिकायचं होतं. शहरातल्याच एका महाविद्यालयात तो विषय छान शिकवत. मी नुसतं मागच्या बाकावर बसून ऐकायची परवानगी मागायला गेलो. अर्जावर शेरा आला, "विद्यार्थ्याच्या विषयाशी संबंध नाही." तो कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता. आता नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या विभागाचा विषय घ्यायची मुभा आहे. तरी वेळापत्रकं अशी बनतात की भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक आणि रसायनाचा तास एकाच वेळी येतो. परवानगी कागदावर राहते आणि मुलगा आपल्याच विभागात. हे वेळापत्रक दुरुस्त करायला ना अणुभट्टी लागते ना निधी. प्राचार्यांनी दोन विभागप्रमुखांना एका टेबलाशी बसवलं तरी पुरे.

भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मग ते हॅफ्नियम वेगळं करतात कसं? जुळे भाऊ म्हणालास ना?" ते मी तिला नीट सांगू शकलो नसतो, म्हणून रसायन शिकवणाऱ्या मित्राला फोन केला. तो संध्याकाळी आला. ताईकडून काचेची बरणी मागून घेतली, तिच्यात अर्धं पाणी आणि अर्धं गोडं तेल ओतून झाकण लावून हलवली. म्हणाला, "हे पाणी म्हणजे आम्ल, त्यात दोघे विरघळलेत. वरचा थर तेलाचा नाही असं धर, त्याच्या जागी ट्रायब्युटाइल फॉस्फेट आणि रॉकेलसारखं द्रावण आहे. झिर्कोनियमला वरचा थर जास्त आवडतो, हॅफ्नियमला खालचा. फरक थोडासाच आहे, म्हणून एकदा हलवून भागत नाही. पुन्हा पुन्हा करायचं, प्रत्येक वेळी थोडं थोडं वेगळं होत जातं." बरणीत थर हळूहळू वेगळे होत होते आणि ती ओट्यावर कोपरं टेकून बघत होती.

रात्री तिनं फॉर्म भरला. पहिल्या क्रमांकावर मेटलर्जी, दुसऱ्यावर केमिकल, तिसऱ्यावर कम्प्यूटर. बरणी अजून तिच्या टेबलावरच आहे.